स्कॉलरशिप किती टक्के, आणि किती वर्षं?

करवीर तालुक्यातल्या एका गावातून अठरा वर्षांच्या मुलीचं पत्र आलंय. बारावी कला शाखेतून चांगल्या गुणांनी पास. पाच वर्षांच्या लॉची राज्याची सीईटी दिली, तिथंही बरे गुण आहेत, पण प्रवेशफेऱ्या अजून सुरू व्हायच्यात. दरम्यान पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठानं स्वतःच्या परीक्षेवरून तिला प्रवेश देऊ केलाय. वर्षाची फी ३ लाख २० हजार, त्यावर ४० टक्के ‘मेरिट स्कॉलरशिप’. हॉस्टेल आणि मेसचे १ लाख ४० हजार वेगळे. आठवड्याभरात ५० हजार आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला जमा केला नाही तर सीटही जाणार आणि स्कॉलरशिपही. घरी दोन एकर ऊस, धाकटा भाऊ दहावीत. वडील म्हणतात, वीस गुंठे विकू आणि उरलेलं कर्ज काढू. मामा म्हणतात, लक्ष्मी दारात आली असता तोंड धुवायला जाऊ नये. आई काहीच बोलत नाही. मुलगी विचारते, “ताई, कोल्हापुरात राहिले तर मी साधी तालुक्याची वकीलच होईन ना? एवढी स्कॉलरशिप सोडणं मूर्खपणा नाही का?”

*

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वेळी मामांचा राग आला. दुसऱ्या वेळी लक्षात आलं, की घरात एवढं ठामपणे बोलणारा तो एकच माणूस आहे. बाकीचे सगळे घाबरलेत, म्हणून त्यांचं वाक्य मोठं वाटतंय.

तू विद्यापीठाचा मेल पत्राला जोडलास हे फार बरं केलंस. दोन पानांत अभिनंदन तीन वेळा आहे, अट मात्र एकदाच, आणि तीही शेवटून दुसऱ्या ओळीत. स्कॉलरशिप पुढच्या वर्षी चालू ठेवायची असेल तर वर्गातल्या वरच्या २५ टक्क्यांत यायला हवं आणि एकही विषय मागे राहायला नको. ही ओळ तू वाचलीस का? पत्रात तिचा उल्लेख नाही, म्हणून विचारते. वकील व्हायचंय तर आजपासून सवय लाव. मोठ्या अक्षरांतलं नंतर वाचायचं, बारीक अक्षरांतलं आधी.

तू म्हणशील, मी अभ्यास करीन, येईन वरच्या २५ टक्क्यांत. करशील, शंका नाही. पण गणित बघ. समज, साठ मुलांचा वर्ग आहे आणि त्यातल्या तीस जणांना अशीच काही ना काही स्कॉलरशिप देऊन आणलंय. वरचे २५ टक्के म्हणजे पंधरा जण. तिसांपैकी निदान पंधरा जणांची स्कॉलरशिप पहिल्याच वर्षी जाणार, मग ते तीसच्या तीस रात्रंदिवस घासत का असेनात. तुला ७० टक्के पाडायला सांगितले असते तर ते तुझ्या हातात होतं. इथं तुझा निकाल शेजारच्या बाकावरची पोरगी किती लिहिते यावर आहे, आणि तीही तुझ्याच अटीवर आलेली आहे. म्हणून विद्यापीठाला विचारायचा पहिला प्रश्न हा, की गेल्या वर्षी पहिल्या वर्षाला किती जणांना स्कॉलरशिप दिली आणि दुसऱ्या वर्षी त्यातल्या किती जणांची टिकली? आकडे दोनच हवेत. ते द्यायला जे कॉलेज टाळाटाळ करतं त्यानं उत्तर दिलंय असं समज.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या भाच्यानं असाच एका ठिकाणी ५० टक्के सवलतीवर प्रवेश घेतला होता. घरी पेढे वाटले. दुसऱ्या वर्षी थोडक्यात हुकला आणि फी दुप्पट झाली. तोवर एक वर्ष आणि तीन लाख तिथं गुंतलेले, मित्र झालेले, राज्याच्या प्रवेशफेऱ्या कधीच संपलेल्या. सोडताही येईना. पाचही वर्षं तिथंच काढली, आणि शेवटची तीन वर्षं माझी बहीण प्रत्येक सेमिस्टरच्या तोंडावर सोसायटीत जाऊन बसायची.

आता कागदावर मांडून बघू. स्कॉलरशिप पाचही वर्षं टिकली असं धरलं तर फीचे वर्षाला १ लाख ९२ हजार, हॉस्टेल-मेसचे १ लाख ४० हजार. मिळून ३ लाख ३२ हजार. पाच वर्षांचे १६ लाख ६० हजार. पहिल्या वर्षानंतर गेली तर २१ लाख ७२ हजार. यात दरवर्षीची फीवाढ नाही, लॅपटॉप नाही, इंटर्नशिपसाठी मुंबईत महिनाभर राहायचा खर्च नाही. तुझ्या पत्रात मात्र एकच आकडा आहे, ४० टक्के. कापडाच्या दुकानात ४० टक्के सूट दिसली की आपली आई आधी मूळ किंमत बघते. तेवढंच इथंही करायचं.

कर्जाचंही असंच. समज, दरवर्षी दोन लाख याप्रमाणे दहा लाख काढले, व्याज दहा टक्के. शिक्षणाची पाच वर्षं आणि वर एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चढत असतं. सरळव्याजानं धरलं तरी पहिला हप्ता सुरू होताना डोक्यावर चौदा लाख असतात. दहा वर्षांत फेडायचे म्हटले तर महिन्याला साधारण साडेअठरा हजार. नव्या वकिलाची पहिली दोन-तीन वर्षं कशी जातात हे कोर्टाच्या आवारात कुणालाही विचार. सीनियरकडून पेट्रोलपाणी निघालं तरी नशीब म्हणतात. बार कौन्सिल ऑफ इंडियानं २०२४ मध्ये ज्युनियरला शहरात २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार तरी द्यावेत असं सुचवलंय खरं, पण सुचवलंय. साडेअठरा हजारांचा हप्ता असला की पहिल्या दिवसापासून पगाराची नोकरी शोधावी लागते, आणि मग ज्या वकिलीसाठी हा खटाटोप केला तीच मागे पडते. कर्ज वाईट असं मी म्हणत नाही. साडेसात लाखांपर्यंतचं शैक्षणिक कर्ज सरकारी हमी योजनेत तारण न देता मिळू शकतं. त्यामुळे ‘जमीन विकल्याशिवाय जमणारच नाही’ हे गृहीतही जरा तपासून घ्या. केंद्राची पीएम विद्यालक्ष्मी योजनाही आहे, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजात तीन टक्के सवलत. पण ती मानांकनातून निवडलेल्या ठरावीक संस्थांनाच लागू आहे. तुझं हे विद्यापीठ त्या यादीत आहे का, ते बघायचं.

जमिनीबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण त्या वीस गुंठ्यांवर तू एकच ओळ लिहिलीस आणि पुढे गेलीस. ती जमीन आजोबांकडून, वडिलोपार्जित आलेली असेल तर ती फक्त बाबांची नाही. २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू कुटुंबातल्या मुलीलाही मुलाइतकाच जन्मतः हक्क दिलाय आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावरचा उरलासुरला संशयही संपवलाय. म्हणजे विकायची आहे ती जमीन तुझीही आहे. आज बाबा प्रेमानं विकतायत. दहा-बारा वर्षांनी भावाचं लग्न झालेलं असेल, वाटणीचा विषय निघेल, आणि कुणीतरी म्हणेल, “तिचा हिस्सा तिच्या शिक्षणात गेला की.” मग दुय्यम निबंधकाच्या, म्हणजे दस्तनोंदणीच्या कार्यालयात एका हक्कसोडपत्रावर तुझी सही मागतील आणि तुलाही ती नाकारणं जड जाईल. मुलाच्या इंजिनिअरिंगला जमीन गेली तर त्याचा हिस्सा गेला असं मी आजवर एकदाही ऐकलेलं नाही. अशी हक्कसोडपत्रं मात्र किती वाचलीत, मोजणं सोडून दिलंय. विकायची नाहीच असा माझा हट्ट नाही. विकायची तर हे आधी चौघांनी बसून बोला, भावालाही बसवा. दहावीतला मुलगा लहान नसतो. आणि आईलाही विचार. ती बोलत नाही याचा अर्थ तिला मत नाही असा घेऊ नकोस.

आता ज्या गोष्टीचा तुझ्या पत्रात उल्लेखच नाही, तिच्याकडे येते. मला वाटतं ती तुला कुणी सांगितलेलीच नाही.

राज्य सरकारनं ८ जुलै २०२४ ला निर्णय काढला. ज्यांच्या घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाख किंवा त्याहून कमी आहे अशा ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. लॉ त्यात येतं. तुझ्या घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे आणि एसईबीसीचा दाखला काढायला टाकलाय असं तूच लिहिलंयस. अट एवढीच की प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे आपण ज्याला कॅप राउंड म्हणतो त्यातून झालेला हवा. मॅनेजमेंट कोटा चालत नाही, संस्थेनं परस्पर दिलेला प्रवेश चालत नाही, आणि खासगी अभिमत किंवा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं या योजनेतून स्पष्टपणे वगळलेली आहेत. तुला आलेली ऑफर नेमकी या वगळलेल्यांतली आहे.

म्हणजे ४० टक्क्यांच्या स्कॉलरशिपची तुलना तू ज्याच्याशी करतेयस तिथं शंभर टक्के माफी उभी आहे, आणि तिला वरच्या २५ टक्क्यांत यायची अट नाही. तिच्या नावाची कुणी जाहिरात करत नाही, अभिनंदनाचा मेल येत नाही, म्हणून ती स्कॉलरशिप वाटत नाही इतकंच.

आणि ही माफी कोल्हापुरापुरती नाही. तू प्रश्न मांडलास तो ‘पुण्याचं खासगी विद्यापीठ की कोल्हापूर’ असा. ही जोडी कुणी लावली? सीईटीच्या त्याच पसंतीक्रमाच्या अर्जात मुंबईचं गव्हर्न्मेंट लॉ कॉलेज आहे, १८५५ चं. पुण्याचं आयएलएस आहे, १९२४ चं. कोल्हापूरचं शहाजी लॉ कॉलेज आहे, भारती विद्यापीठाचं न्यू लॉ कॉलेज आहे. तुला शहर बघायचंय, घरापासून लांब राहून बघायचंय, ही इच्छा अगदी रास्त आहे आणि तिची लाज वाटून घेऊ नकोस. मला फक्त एवढंच म्हणायचंय की लांब जायचा एकच रस्ता नाही. अर्जात कॉलेजं भरताना ‘मिळेल का’ हा विचार न करता ‘हवं का’ या क्रमानं भर. आवडतं कॉलेज मिळणार नाही म्हणून खाली टाकणारी आणि मग तिथला कटऑफ बघून कपाळावर हात मारणारी मुलं दरवर्षी भेटतात. बाहेरगावी राहायचा खर्च कसा निघणार? अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. दोन एकरवाले तुम्ही अल्पभूधारकांतच मोडता. पूर्ण खर्च त्यातून भागेल असं नाही, पण मेसचा मोठा भाग सुटतो. ज्या शहरात शाहू महाराजांनी १९०१ पासून बोर्डिंगं उभी करायला घेतली, त्या शहराजवळच्या पोरीनं राहायचं कुठं म्हणून वीस गुंठे विकायचे, हे मला काही पटत नाही.

“साधी तालुक्याची वकीलच होईन ना?” हे वाक्य मला थोडं लागलं, कारण मी तीच आहे. असो. तुझा प्रश्न प्रामाणिक आहे, उत्तरही तसंच देते.

कोल्हापुरात राहण्याचे तोटे आहेत. आपल्याकडच्या बऱ्याच लॉ कॉलेजांत वर्ग अर्धे रिकामे असतात. ७० टक्के हजेरीचा बार कौन्सिलचा नियम कागदावर असतो. मूट कोर्टाच्या, म्हणजे सरावाच्या खटल्यांच्या स्पर्धा, इंग्रजीत वाद घालायची सवय, मोठ्या लॉ फर्मच्या लोकांशी ओळखी, हे मोठ्या शहरात आपोआप कानावर पडतं. इथं ते तुलाच शोधत जावं लागेल. तू स्वभावानं ढकलावं लागणाऱ्यांपैकी असशील तर हा तोटा लहान नाही, आणि ते तुझं तुलाच ठाऊक.

दुसरी बाजू ही. १७ ऑगस्ट २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचं, म्हणजे फिरत्या खंडपीठाचं उद्घाटन झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची हायकोर्टाची कामं आता सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत चालतात. आमच्या पिढीनं त्यासाठी चाळीस वर्षं मोर्चे काढले. ज्युनियर असताना एका स्टेच्या अर्जासाठी मी रात्रीच्या एसटीनं मुंबई गाठायचे, फाईल पोटाशी धरून, आणि दुसऱ्या दिवशी बोर्डावर प्रकरण आलंच नाही की तशीच परत. तुला त्याच कामासाठी शहरातली केएमटीची बस पुरेल. पाच वर्षांच्या कोर्सला निदान वीस आठवड्यांची इंटर्नशिप लागते. तालुका कोर्ट, कसबा बावड्याचं जिल्हा न्यायालय आणि हायकोर्टाचं बेंच, या तिन्ही ठिकाणी घरून डबा घेऊन जाऊन ती करता येईल, अशी गावं महाराष्ट्रात थोडीच आहेत. शिवाय १९९८ पासून जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. मराठी माध्यमातून आल्याचं तुला ओझं वाटतंय. सातबारा, फेरफार, पंचनामा झरझर वाचून त्यातली मेख काढणारी ज्युनियर मला आज हवी आहे आणि सापडत नाही. बेंचसमोर मात्र इंग्रजी लागणार, तेव्हा तेही आत्तापासून धर. रोज एक निकालपत्र, दोन पानं, मोठ्यानं वाचायचं. गोठ्यात वाचलंस तरी चालेल, म्हैस काही नावं ठेवत नाही.

आणि तुला कोर्टात उभंच राहायचं नसेल, कंपन्यांचे करार बघायचे असतील, तर? मग मोठ्या नावाच्या कॉलेजचा फायदा होतो हे खरं. पण त्या नोकऱ्या मुख्यतः काही निवडक राष्ट्रीय विधी विद्यापीठांतून भरल्या जातात, आणि तिथं जायचा रस्ता क्लॅट परीक्षेचा. आपल्या राज्यातच मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन आहेत, रहिवाशांसाठी राखीव जागांसह. क्लॅट इंग्रजीतच असते, चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, आणि सहसा डिसेंबरात होते. त्यासाठी एक वर्ष थांबायचं का, याचं उत्तर मी देणार नाही. काही मुलांना ते वर्ष घडवतं, काहींना नुसतं कुजवतं. इथून पदवी घेऊन पुढे एलएलएमला तिकडे जायचा मार्ग तर खुलाच आहे. ज्या खासगी विद्यापीठाला तू सोळा लाख द्यायला निघालीस त्याची गणती तुझ्या क्षेत्रात नेमकी कुठं होते, ते मात्र त्यांच्या माहितीपत्रकावरून ठरवू नकोस. दोन वर्षांपूर्वी तिथून बाहेर पडलेल्या एखाद्या मुलीला गाठ. सध्या शिकणारी नको, ती अजून हॉस्टेलच्या खिडकीतून दिसणाऱ्या डोंगराबद्दल बोलते. बाहेर पडलेली हप्त्याबद्दल बोलेल.

तेव्हा हे विद्यापीठ घ्यावंच नाही का? घ्यावं, जर स्कॉलरशिप पाचही वर्षांसाठी लेखी पक्की झाली, फीवाढीवर मर्यादा लेखी मिळाली, आणि गेल्या दोन बॅचचे विद्यार्थी नेमके कुठं लागले याचा पूर्ण आकडा मिळाला. ‘आमचे विद्यार्थी अमुक कंपनीत’ एवढं नको, एकूण किती आणि त्यातले किती, ते हवं. एवढं जमलं तर मीही म्हणेन, विचार कर. मागून तर बघ. देऊ केलेली स्कॉलरशिप वाढवून मागता येते, मुदत वाढवून मागता येते. घाई त्यांना आहे, कारण सीईटीच्या फेऱ्या सुरू झाल्या की तुझ्यासारखी मुलं निसटतात हे त्यांना ठाऊक आहे. आजच साध्या भाषेत मेल टाक: “ऑफरबद्दल आभार. निर्णय घेण्यापूर्वी पुढील बाबी लेखी कळवाव्यात. मागील वर्षी किती विद्यार्थ्यांना स्कॉलरशिप दिली व दुसऱ्या वर्षी किती जणांची कायम राहिली. पाच वर्षांतील संभाव्य फीवाढ. प्रवेश रद्द केल्यास ५० हजारांपैकी किती रक्कम किती दिवसांत परत मिळेल. राज्य सीईटीची पहिली फेरी पूर्ण होईपर्यंत मुदत मिळावी ही विनंती.” फोनवर कुणी गोड बोलून समजवायला लागलं तर “सर, हेच मेलवर पाठवा” एवढंच म्हणायचं. उद्धटपणा होत नाही.

मुदत मिळालीच नाही आणि घरच्यांनी ५० हजार भरायचे ठरवलेच, तर निदान हे माहीत असू दे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस आधीपर्यंत प्रवेश रद्द केला तर जास्तीत जास्त पाच हजार कापून बाकी फी परत द्यावी लागते. पुढे टक्का घसरत जातो, नव्वद, ऐंशी, पन्नास, आणि शेवटच्या तारखेनंतर तीस दिवस उलटले की शून्य. पावतीवर ‘परत मिळणार नाही’ छापलंय म्हणून ते नियमात बसतंच असं नाही. परत मिळतात, पण पाठपुरावा करून. आणि पाठपुरावा म्हणजे तुझ्या बाबांचे पुण्याला चार हेलपाटे.

आता कामाला लाग. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, एसईबीसीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर. सेतूत जून-जुलैला पाय ठेवायला जागा नसते आणि सर्व्हर नेमका दुपारी झोपतो, तेव्हा सकाळी पहिला नंबर लाव. नॉन-क्रिमीलेअर चालू वर्षाचं आहे ना, ते बघ. जातपडताळणीचा अर्ज केला असशील तर त्याची पावती जपून ठेव. दहावीची गुणपत्रिका, आधार आणि बँकेचं पासबुक शेजारी शेजारी ठेवून नावाचं एकेक अक्षर ताडून बघ. एका ठिकाणी वडिलांचं नाव पूर्ण आणि दुसऱ्या ठिकाणी नुसतं आद्याक्षर, एवढ्यावरून महाडीबीटीचे, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचे अर्ज महिनोन्‌महिने लटकतात. बँकेत जाऊन खातं आधारशी जोडलंय का एवढंच विचारू नकोस, सरकारी पैसे याच खात्यात येतील ना, असं विचार. अर्ज दरवर्षी नव्यानं करावा लागतो. दुसऱ्या वर्षी विसरणारी मुलं कमी नाहीत. आणि भत्त्याचे पैसे उशिरा येतात, कधी वर्ष संपता संपता, म्हणून पहिल्या सहा महिन्यांची तरतूद घरची हवी. त्याला वीस गुंठे लागणार नाहीत.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी दोन शब्द. मुलगे असाल तर आठ लाखांच्या आतल्या खुल्या गटातल्या घरांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क योजना आहे, तिच्यात निम्मं शिक्षण शुल्क मिळतं आणि प्रवेश इथंही कॅपमधूनच लागतो. अनुसूचित जातीच्या मुलामुलींना अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती, त्याच्या वर असेल तर फ्रीशिप बघा. आणि अजून अकरावीतच असाल, घरची परिस्थिती बेताची असेल आणि क्लॅट द्यायची हिंमत असेल, तर आयडिया (IDIA) नावाची संस्था शोधा. शमनाद बशीर या कायद्याच्या प्राध्यापकानं २०१० मध्ये ती सुरू केली. तुमच्यासारख्यांनाच हेरून तयारी करून घेते आणि पुढे फीसाठीही मदत उभी करते.

राहिला मूळ दाखला. शाळा सोडल्याचा दाखला एकच असतो आणि कॅपमध्ये जागा मिळाली की तुझं कॉलेज तोच मागणार. तो आधीच पुण्यात कुणाच्या कपाटात पडून असेल तर ५० हजारांपेक्षा तोच तुला जास्त अडवेल. मूळ कागद अडकवून ठेवायचे नाहीत असं त्याच २०१८ च्या अधिसूचनेत म्हटलंय, तेव्हा तपासणीला दाखव आणि तिथल्या तिथं परत घे. आज संध्याकाळी तो बाबांच्या ट्रंकेतून काढ, पाच झेरॉक्स मार, मूळ प्रत प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घाल आणि आईकडे ठेवायला दे. मामांकडे नको.